सतरा नंबरचा बाण

मी एक जुना अग्निबाण आहे. शहरच्या शहर बेचिराख करणारे बाण असतात ना, त्यांच्यासारखाच दिसतो. पण घाबरू नका, मित्रांनो! माझ्या पोटात दारूगोळा नाही. लाकडी सांगाडा आहे, वर पत्रा आहे आणि आत सुताराची विसरलेली मोजपट्टी आहे. मला हलवले की ती खडखडते.

शेजारच्या देशाला धाक बसावा म्हणून मला कडीकुलपात घडवले. रंगाऱ्याने रंगाचे तीन हात दिले आणि नंबर विचारला. मोठे साहेब म्हणाले, "एक नको, सतरा टाक. बसू देत त्यांना मोजत!"

आधीचे सोळा कुठेच नव्हते. रंगारी पोट धरून हसला. पुढे संचलनात लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत आणि खरे सांगतो, मी फुशारून जात असे.

मग एका वर्षी धरणाच्या पाण्यावरून दोन्ही देशांत जुंपली. सीमेपलीकडून नीट दिसावे म्हणून मला एका टेकडीवर उभे केले. पायथ्याशी रंगाऱ्याच्या लेकीचे घर होते. तिला आठवा महिना लागला होता. माझे ओरखडे बुजवायला आलेल्या रंगाऱ्याला ती खाली कपडे वाळत घालताना दिसली आणि त्याचा हात थांबला.

"साहेब, हा इथून हलवा. खाली माझी लेक राहते."

"अरे, पोकळ आहे तो! तूच रंगवलास ना? मग घाबरतोस कशाला?"

"मला ठाऊक आहे पोकळ आहे. त्यांना कुठे ठाऊक आहे?"

साहेबांनी त्याला तोंड बंद ठेवायची तंबी दिली. तो लेकीला एवढेच म्हणू शकला, "चार दिवस माहेरी चल, बाळा." ती हसली. "बाबा, डोक्यावर एवढा मोठा बाण असताना मला कसली भीती?"

अकरा दिवस त्यांच्या तोफा माझ्यावर रोखलेल्या होत्या. विमान घरघरले की पोटातली पट्टी वाजे आणि मी भीतीने गारठून जाई. बाराव्या दिवशी समेट झाला. लेकीला मुलगी झाली. साहेब म्हणाले, "बघितलंस? धाक कामाला आला."

आता मी संग्रहालयात असतो. म्हातारा रंगारी नातीला घेऊन मला पुसायला येतो. परवा पलीकडच्या देशातले एक निवृत्त अधिकारी मला बघायला आले. रंगाऱ्याने हसत माझ्या पोटावर टिचकी मारली.

"पोकळ आहे, साहेब! आणि आधीचे सोळा तर नव्हतेच."

पाहुणे हसले नाहीत. माझ्या नंबरावरून बोट फिरवत ते म्हणाले,

"आम्ही सतरा धरले होते. म्हणून आम्ही अठरा केले."

"तेही पोकळच ना?"

"नाही हो. खरे आहेत. अजून त्या टेकडीकडेच तोंड करून उभे आहेत."

रंगाऱ्याने नातीचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, मला पुसू नका, नवा रंगही देऊ नका. तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीचे पलीकडे कोणी असेल, तर एवढे कळवा, की मी पोकळ आहे. लवकर कळवा. रंगाऱ्याची नात अजून त्या टेकडीखालीच राहते.