भिशीतला शोभाचा नंबर

शोभाचा भिशीवर मुळातच विश्वास नव्हता, आणि भिशी चालवणाऱ्या बाईवर तर त्याहून नव्हता. नागपुरात तिच्या मावशीचे पैसे एका गोडबोल्या बाईने बुडवले होते. ती बाई हातावर तुरी देऊन कुठे गेली, ते अजून देवालाच ठाऊक! दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. पण इथे अमेरिकेत, कॅरी गावात येऊन करते काय? संजीवला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, दोघं आली, आणि लहानगी रुपाली मागे आजीकडे राहिली. 'जरा जम बसला की तिचं तिकीट काढू,' असं ठरलं होतं. दीड वर्ष झालं, जम काही बसेना. बँकेतलं खातं संजीवच्या एकट्याच्या नावावर, आणि त्या खात्यावर शोभाच्या थोरल्या दिरांचा डोळा. आज घराचा स्लॅब, उद्या स्कूटर. अमेरिकेत डॉलर झाडाला लागतात, अशीच तिकडे सगळ्यांची समजूत! खात्यात पैसा म्हणून टिकत नव्हता.

म्हणून ही भिशी. शेजारच्या मॉरिसव्हिल गावातल्या सुमित्राकाकूंकडे आसपासच्या मराठी बायका दर महिन्याला ठरलेले पैसे टाकायच्या, आणि पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम मिळायची. ते पैसे ना बँकेला दिसायचे, ना दिरांना. शोभा सवलतीची कूपनं कापून वाणसामान आणायची, संजीवचे केस घरीच कापायची आणि वाचलेले डॉलर पाकिटात घालून संजीवच्याच हाती काकूंकडे धाडायची. काकूंचं घर त्याच्या ऑफिसच्या वाटेवरच होतं. ऑगस्टचा नंबर शोभाचा होता. त्या पैशांत रुपालीचं तिकीट निघणार होतं.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात कुठेतरी पाणी मुरायला लागलं. फोनवर 'काकू, पोचले ना पैसे?' असं विचारलं की पूर्वी 'हो गं बाई' म्हणणाऱ्या काकू आता 'संजीवला विचार ना' म्हणायच्या, आणि लगेच 'दारावर कुणीतरी आलंय' म्हणून फोन ठेवून द्यायच्या. दरवेळी बरं कोण येतं यांच्या दारावर? भिशीतल्या दीपाकडे सगळ्या जेवायला जमल्या, तर काकू शोभाशेजारची खुर्ची सोडून पार पलीकडे जाऊन बसल्या.

"काकूंचं लक्षण मला काही ठीक दिसत नाही हो," ती संजीवला म्हणाली.

"तुला सगळीकडे चोरच दिसतात," तो म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दोघं सामान आणायला निघाली. रस्ता काकूंच्या घरावरून जात होता. शोभाने खिडकीतून पाहिलं. काकूंचा सोफा अंगणात! टेबल, दिवे, कढया, मुलांची सायकल, सगळं गवतावर मांडलेलं, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी, आणि गोरी माणसं भांडी उलटीपालटी करून बघतायत. भरल्या घरातली भांडीकुंडी कुणी अंगणात मांडून विकतं का? तिच्या माहितीत घर असं बाहेर यायचं ते जप्ती आली तर, नाहीतर माणूस गाव सोडून पळणार असेल तर.

"अहो, गाडी थांबवा!"

"अगं, कशाला? उशीर होतोय यार."

"थांबवा म्हणते ना! नाहीतर मी अशीच उतरेन."

दीपा काकूंच्या मदतीला आली होती. आणखी दोघीतिघी होत्या. शोभा तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुठे पळायचा बेत आहे, काकू? बायकांचे पैसे घेऊन?"

काकूंच्या हातातली कढई तशीच राहिली. दीपाला आधी हसू आलं. "अगं शोभा, हा यार्ड सेल आहे! जुनं सामान काढतात. इथे सगळेच करतात, तो समोरचा बघ."

समोरच्या अमेरिकन घरासमोरही तसाच पसारा होता. शोभाचा चेहरा उतरला, पण सुटलेली जीभ आवरेना. "मग माझी नजर का चुकवता? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माझ्या लेकीचं तिकीट आहे त्यात!"

काकूंनी कढई खाली ठेवली आणि गाडीपाशी उभ्या असलेल्या संजीवकडे पाहिलं.

"संजीव, आता तूच सांग. हिला सांगणार नाही असा शब्द दिला होता मी तुला. पण हे चोरीचं बालंट मी अंगावर घ्यायची नाही."

संजीव किल्ल्यांशी चाळा करत राहिला. "दादाचं गॅरेज बुडायला आलं होतं. मी भरणार होतो गं, पुढच्या महिन्यात..."

"मी दिलेली पाकिटं?"

"मे महिन्यापासूनची तिकडेच पाठवली."

शोभाने हळूच विचारलं, "मग माझे हप्ते कुणी भरले?"

"भिशी चालवते तिने खड्डा भरायचा असतो," काकू म्हणाल्या. "तू सांगतेस त्या नागपूरच्या बाईला ते कुणी शिकवलं नसेल." त्या आत गेल्या आणि एक जाड पाकीट घेऊन आल्या. "उद्या द्यायचे होते, आजच घे. पोरीला आण आधी. माझे काय ते सावकाश फेड."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो आपण! शोभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठल्या तोंडाने घ्यायचे हे पैसे? पण नको म्हणायचं, तर रुपालीला तिकडेच ठेवायचं. तिने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि नमस्काराला वाकली. काकू एक पाऊल मागे सरल्या.

"नमस्कार राहू दे. चारचौघींत चोर म्हणालीस मला. ते एवढ्यात नाही जायचं मनातून."

शोभा मान खाली घालून गाडीत येऊन बसली. संजीव शेजारी बसला, त्याने किल्ली लावली आणि नेहमीच्या सवयीने हात पुढे केला. "दे इकडे. सोमवारी बँकेत टाकतो."

शोभा त्या हाताकडे बघत राहिली. मावशीच्या त्या बाईपासून सुमित्राकाकूंपर्यंत जगावर संशय घेऊन झाला होता. या एका माणसावर घ्यावा असं मात्र कधी तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिने पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं.