माझ्या अंगावरची गार रेघ

मी एक जुने पोलादी पिंप आहे. मित्रांनो, मला घडवले सरबतासाठी. पण ऐन उमेदीत दुकानदार सरबत भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर भाळले आणि मी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या भंगारात जाऊन पडले. तिथून अर्विन ग्रोथ नावाच्या सुताराने मला घरी आणले, माझी रबरे बदलली आणि माझ्यात घरी केलेली बिअर भरली.

माझ्यात किती उरले आहे ते बाहेरून दिसत नाही, हे माझे जन्माचे दुखणे. अर्विनला मात्र ते बरोबर कळायचे. तो मला बिअर गोठू नये इतपतच गार ठेवलेल्या डीप फ्रीझरमधून उचलून गॅरेजच्या फरशीवर ठेवायचा, अंगावर कढत पाणी ओतायचा आणि तळहात फिरवायचा. रिकाम्या भागावर पत्रा गरम लागे, बिअर सुरू झाली की गार. ती गार रेघ सापडली की बायकोला म्हणायचा, "इर्मा, अजून बरेच दिवस चिंता नाही गं." तेवढ्यानेही मला धन्य वाटायचे.

मागच्या हिवाळ्यात अर्विन गेला. त्याच्या हातची शेवटची बिअर माझ्यात होती. इर्माने ठरवले, दर शुक्रवारी तळलेल्या माशाबरोबर अर्धा ग्लास घ्यायचा आणि उरलेली अर्विनच्या वाढदिवसाला शेजारच्या लायलसोबत संपवायची. लायल आणि अर्विन मिळून बिअर करायचे. गॅरेजची एक किल्ली लायलकडेच असे.

इर्माला काही मी उचलवत नसे. ती फ्रीझरमध्ये वाकून आतच पाणी ओतायची. एकदा तिने काकडीच्या लोणच्याची बरणी माझ्या शेजारी कोंबली आणि माझ्यातून बिअर काढायच्या नळीच्या तोटीची कळ जराशी दाबली गेली. अर्विनची बिअर थेंब थेंब फ्रीझरच्या तळाशी गळू लागली. तळाशी साचलेले पाणी आपणच ओतलेले, असे इर्माला वाटे. मला तोंड नाही, मित्रांनो. मी नुसते घामाघूम होत राहिले.

रेघ खाली खाली उतरत गेली. एके दिवशी लायल माझ्यातली बिअर बाहेर ढकलणाऱ्या गॅसचे नळकांडे पाहायला आला, तेव्हा इर्माने त्याला गाठलेच.

"हवी होती तर मागायचीस, लायल. चोरून कशाला?"

"मी? अगं, अर्विन गेल्यापासून मी थेंबाला शिवलो नाही."

"मग काय पिंपच प्यायलं?"

लायलने किल्ली माझ्या झाकणावर ठेवली आणि तो निघून गेला. माझा जीव तळमळला, पण करणार काय?

पुढच्या शुक्रवारी इर्माने पाणी ओतून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत पत्रा गरमच. मधल्या काळात गॅरेजमध्ये कुणी पाऊल टाकले नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने बरणी उचलली, कळ पाहिली, तळाच्या पाण्यात बोट बुडवून चाटले. मग फ्रीझरचा काठ धरून ती बराच वेळ रडली.

ती स्वतः जाऊन लायलला घेऊन आली. त्याने मला सहज उचलून फरशीवर ठेवले आणि माझ्यावरून हात फिरवला.

"मला ते उचलवत नव्हतं रे," इर्मा म्हणाली. "तुला सारखा त्रास कशाला द्यायचा, म्हणून आतच पाणी ओतत राहिले आणि गळती त्या पाण्यातच लपली."

"कुंपणापलीकडे तर राहतो," लायल म्हणाला. "हाक मारायचीस की."

आता मी गॅरेजच्या कोपऱ्यात कोरडे उभे आहे. अर्विनच्या हातची चव पुन्हा कुणाला मिळायची नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जड वस्तू असेल. संकोच करू नका, ती उचलायला कुणाला तरी बोलवा. आणि कुणावर आळ घेण्याआधी एकदा तळाशी वाकून पाहा.