पणजोबांचे गुडघे

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वारशाने येतात: नाकाच्या शेंड्यावरचा राग आणि दुखरे गुडघे. रागाचं श्रेय कुणी घेत नाही. गुडघ्यांचं बिल मात्र बिनदिक्कत पणजोबांच्या नावावर फाडलं जातं. जिना चढताना एकाने कण्हायचा अवकाश, दुसरा म्हणतो, "आले बघ पणजोबा!"

हे पणजोबा एका कारखान्यात लाकडावर नक्षी कोरायचे. डावखुरे होते, म्हणून अख्खा कारखाना त्यांना 'डावरे' म्हणायचा. त्यांच्या हातची एकच वस्तू घरात उरली आहे, आत्याची सुईदोऱ्याची पेटी. झाकणावर एक गुबगुबीत कोंबडी आहे, मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघणारी. पण पेटीचं कौतुक कुणाला? आत्याच्या लेखी आजोबांचं खरं काम संग्रहालयात आहे: पाच फळ्यांचा उभा लाकडी पडदा, आणि मधल्या फळीवर पिसारा फुलवलेला मोर. "तो मोर माझ्या आजोबांचा," हे वाक्य तिने सासरी, माहेरी, बँकेत, दवाखान्यात, जिथे म्हणून रांग लागली तिथे ऐकवलं आहे.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगारही घ्यायचा, यासारखं सुख नाही. एका सकाळी संग्रहालयाच्या नव्या दालनाच्या पाट्या तपासायला आल्या. त्यातल्या एकीवर वाचलं: 'नक्षीदार पडदा, पाच फळ्या. कारागीर अज्ञात.'

माझं डोकंच फिरलं. अज्ञात म्हणे! आमच्या आत्याने निम्म्या शहराला सांगून ठेवलंय आणि यांना पत्ता नाही! मी लाल शाईने त्या शब्दावर अशी काट मारली की कागद फाटला.

संध्याकाळी आत्याला सांगितलं, तेव्हा ती चिडेल असं वाटलं होतं. ती नुसतीच चष्मा पुसत बसली. आत्या ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत काचबिंदू. उरलीसुरली नजर फार दिवस टिकायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.

"जुनी पाटी माझ्या लग्नाआधीची," ती म्हणाली. "आता ही लागली की पुन्हा कोण बदलतंय? आणि बदलली तरी मला कुठली दिसायला! एकदा आजोबांचं नाव तिथे माझ्या डोळ्यांनी वाचलं ना, की मग डोळ्यांचं व्हायचं ते होवो."

दुसऱ्या दिवशी मी बाह्या सरसावून संग्रहालयात गेले. तिथल्या संग्रहपाल बाई केसात पेन्सिल खोचून जुनी कपाटं उपसत होत्या. मी वाटेत पाठ केलेलं भांडण सुरू करणार, तोच त्या म्हणाल्या, "मलाही 'अज्ञात' लिहिताना लाज वाटते हो. पुरावा द्या, मी नाव देते." इतक्या समजूतदार माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यांनी पडद्याची फाइल काढली. त्यात कारखान्याने दिलेली कारागिरांची यादी होती. पाच नावं, आणि चौथं आमच्या पणजोबांचं! मी खुर्चीतून उठलेच.

"बसा, बसा," बाई हसल्या. "पाच माणसं, पाच फळ्या. कुणी कुठली केली ते लिहिलेलं नाही. तुमची कोणती?"

"मोराची!"

"कशावरून?"

"आत्या सांगते."

त्यांनी पेन्सिल काढली, थोडा विचार केला आणि परत केसात खोचली. "मग आत्यांनाच घेऊन या. आजोबांच्या हातचं घरात काही असेल तर तेही आणा. पाट्या मी तोवर थांबवते."

आत्या लग्नाला निघाल्यासारखी नटून निघाली, पेटी मांडीवर. रिक्षात तिने ती नेहमीची गोष्ट सांगितली. "दर रविवारी आजोबा मला मोर दाखवायला आणायचे. पण बिचाऱ्यांचे गुडघे! दालनात पोचले की भुईवर बसकण मारायचे. शिपाई खुर्ची घेऊन यायचा, तर नको म्हणायचे. मी मोरासमोर उड्या मारत असायची आणि ते आपले एका कडेला बसलेले. किती दुखत असेल गं त्यांना!"

मी माझा गुडघा चोळत हुं म्हटलं.

बाईंनी पेटीच्या झाकणावर बॅटरी तिरकी धरली. गुळगुळीत वाटणाऱ्या लाकडावर पटाशीचे बारीक घाव उठून दिसले, सगळे एकाच बाजूला कललेले. "डावा हात," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताचे घाव याच्या उलटे कलतात. चला, पडदाच सांगेल."

मोरावर उजेड पडला. घाव उलटे होते. आत्या म्हणाली, "बॅटरी नीट धरा." बाईंनी ती चारही बाजूंनी धरून दाखवली. मोर काही ऐकेना. मग हंस पाहिला, गरुड पाहिला, पोपट पाहिला. सगळे उजव्या हाताचे. आत्या दर फळीला एकेक इंच बुटकी होत होती.

पाचवी फळी अगदी कडेची. वरपासून खालपर्यंत पानंच पानं, आणि तळाशी पानांच्या आडोशाला एक पक्षी. जुन्या नोंदीत त्याच्यापुढे 'लांडोर (?)' असं लिहिलं होतं. इतकं प्रामाणिक प्रश्नचिन्ह मी आजवर तपासलेलं नाही. कारण तो पक्षी चांगला गुबगुबीत होता आणि मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघत होता. घाव थेट पेटीसारखे.

"आत्या," मला हसू आवरेना, "ही तर आपली कोंबडी!"

आत्या नाही हसली. "राहू दे मग ते अज्ञात," ती म्हणाली. "सगळ्यांना मोर सांगितला मी. आता कोंबडी सांगू? चल घरी."

मला फार वाईट वाटलं. पुरावा शोधायला आपणच आलो होतो, आणि आता तो नको झाला होता.

बाईंनी घाई केली नाही. "हिची चोच बघितलीत?" त्यांनी विचारलं. चोच काळीभोर, आरशासारखी चमकत होती. "मुलं आली की मोराकडे एकदा बघतात आणि इथे येऊन बसतात. दोरी बांधून झाली, सूचना लावून झाली. आमच्या रखवालदारांचा घसा बसला, पण चोचीला हात लावल्याशिवाय एक पोर हलत नाही. मात्र हिला बघायचं तर खाली बसावं लागतं. उभ्याने नुसती पानं दिसतात." असं म्हणून त्यांनी खाली बसून दाखवलं.

आत्या बाईंकडे बघत राहिली.

"आजोबा तिथेच बसायचे," ती म्हणाली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःचीच कीव आली. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस समोरची खुर्ची सोडून कधी भुईवर बसेल का? इतकी वर्षं ही गोष्ट आम्ही ऐकत आलो. चुका काढायचा पगार घेणाऱ्या माझ्यासकट एकालाही त्यातली चूक दिसली नव्हती.

"ते मला मोर दाखवायला आणतच नव्हते गं," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तोंडभर हसूही आलं, दोन्ही एकदमच. "ही दाखवायला आणायचे. आणि मी मेली उड्या मारत बसले! एका शब्दाने बोलले नाहीत कधी. मला खाली बसव."

मी आणि बाईंनी तिला दोन्हीकडून धरून बसवलं. तिने अंगठा त्या चोचीवर ठेवला. दारातला रखवालदार खाकरला आणि खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा तिकडे बघू लागला.

"पण मग आपले गुडघे आले कुठून?" मी विचारलं.

आत्याने जरा विचार केला. "आजीचे असतील. ती कधी बसलेलीच आठवत नाही मला, कळणार कसं?"

नवी पाटी मीच तपासली, तीनदा. पाचव्या फळीपुढे पणजोबांचं नाव आणि 'कोंबडी' असा स्वच्छ शब्द. प्रश्नचिन्ह आत्याने भांडून काढायला लावलं. पाटी कुठे लावू असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बसलेल्या माणसाला दिसेल अशी."

दालन उघडलं त्या दिवशी आत्या भुईवर बसली, नाक पाटीला टेकवलं आणि ते नाव एकेक अक्षर करत स्वतः वाचलं. वाचून झाल्यावरही उठेना. रखवालदार लगबगीने खुर्ची घेऊन आला.

"नको," आत्या म्हणाली. "इथूनच छान दिसते."