भुशाच्या पोटात

चैत्राची दुपार परसात उतरली ती कांडलेल्या हळदीसारखी: पिवळी, कोरडी, नाकाला झोंबणारी. शेडच्या पत्र्याला भोकं होती, आणि प्रत्येक भोकातून उन्हाची एक कांब आत उभी राहिली होती. त्या तेजस्वी कांबींमधून भुसा तरंगत होता. सागाचा सोनसळी, शिसवीचा जांभळट, आंब्याचा फिकट, सायीच्या रंगाचा. मंद, मंथर, निःशब्द. तोडल्या झाडांनी सोडलेला शेवटचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

करवत गायची आणि भुसा झरायचा. रंधा सरकायचा आणि भुसा झरायचा. हर्षद सुताराचं घर पुढे आणि कामाची शेड मागे. मध्ये एक पडवी आणि एक भिंत, बस्स. भिंतीला खिडकी. खिडकीच्या आत पाळणा. पाळण्यात शर्वी, दूधगंधी, मुठी मिटून झोपलेली, वर्षाचीही न झालेली.

आणि पाळण्याशेजारी रेवती, तिची आई, जागी. नेहमीच जागी.

कुणाला विंचवाचं भय असतं, कुणाला विहिरीचं. रेवतीचं भय कणाएवढं होतं, आणि कणासारखंच ते सगळीकडे होतं. पदवीच्या पुस्तकांत कधी न भेटलेले शब्द आता तिला मोबाईलच्या पडद्यावर भेटत: सूक्ष्म धूळ, कोवळी फुफ्फुसं, दमा. ती खिडकीला ओला पंचा लावी. पाळण्याची दोरी पुशी, दोरीचा हूक पुशी, हुकाची कडी पुशी. पुसून वळली, की मागे तोच सोनेरी थर. मऊ, निष्पाप, पावडर लावल्यासारखा. मग ती बाळाच्या छातीला कान लावून श्वास ऐके. एक श्वास. पुढचा श्वास. त्या दोहोंमधल्या इवल्या रिकाम्या जागेत तिचा सगळा जीव उभा असे.

"सुताराच्या घरात येऊन भुशाला भ्यायचं म्हणजे कोळ्याच्या घरात जाऊन पाण्याला भ्यायचं," सासूबाई, तिच्या आत्या, म्हणत. "तुझा नवरा भुशातच लोळून एवढा झाला. उद्या वाऱ्याला फडकं मारशील बाई तू!"

रेवती हसे. हसताना हात पुसतच असे.

शर्वी आता आधार धरून उभी राहू लागली होती. म्हणून हर्षदने तिच्यासाठी पांगुळगाडा घडवायला घेतला. तीन चाकं, गोल दांडा, दांड्यावर कोरलेली दोन चिमुकली पोपटपिल्लं. लाकूड रेशमासारखं घासून झालं, तेव्हा रेवती दारात येऊन उभी राहिली.

"वार्निश नको हं त्याला. तिचे दात शिवशिवतात, दिसेल ते चावते."

"मग काय, तूप लावू? वर साखर भुरभुरवू?"

"काहीही लावा. विषारी नको."

म्हणून अळशीचं तेल आलं. जुन्या मेस्त्रींचं तेल, मधाच्या रंगाचं, लाकडात शिरून लाकडाला जाग आणणारं. आणि काल संध्याकाळी, हर्षदचं कोपर लागून, त्या तेलाचा डबा कलंडला. पडवीच्या फरशीवर एक सुवर्णजिव्हा पसरत गेली. सांडल्या तेलावर भुसा टाकायचा, ही या घरची रीत. भुसा तेल पितो, केरसुणी भुसा उचलते, झालं. हर्षदने ओंजळी ओंजळी भुसा टाकला. भुसा प्यायला, गडद झाला, जड झाला.

उचलला मात्र रेवतीने. रांगणारं पोर घसरेल म्हणून फरशी तीनतीनदा पुसली. तो तेलकट भुसा पोत्यात भरला, त्यावर कोरडा भुसा ओतला, पायाने दाबला, पुन्हा दाबला. एकही कण उडू नये म्हणून सुतळीची गाठ घट्ट आवळली. मग वारा लागू नये म्हणून ते पोतं पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या कुशीत, खिडकीच्या बरोबर खाली नेऊन ठेवलं. माया जितकी घट्ट, तितकी गाठ घट्ट.

आज दुपारी वास आला.

लाकडाचा नव्हे. लाकडाचा वास ती ओळखत होती, सागाचा कडवट, आंब्याचा आंबूस. हा वेगळाच होता: खवट, करपट, विझल्या समईच्या वातीसारखा. ती गॅसची शेगडी बघून आली. पंख्याचं बटण हुंगून आली. आत्यांच्या भुशाच्या चुलीपाशी वाकली.

"ती सकाळीच विझलीय," आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "कान झाले, डोळे झाले, आता नाकालाही घोर लागला होय तुझ्या?"

शेडमधून हर्षदचा आवाज आला, "सुताराच्या घरात वास नाही येणार तर काय अत्तराच्या दुकानात येणार?"

पण वास थांबला नाही. तो भिंतीला धरून, बुजऱ्या चोरासारखा, खिडकीच्या पंच्याखालून आत येत होता. पाळण्याकडे येत होता.

रेवती पडवीत गेली. सावली होती तिथे, गारवा होता. पोती ओळीने बसली होती, लठ्ठ, निमूट, पेंगुळल्या म्हाताऱ्यांसारखी. तिने पहिल्या पोत्यावर तळवा ठेवला. गार. दुसऱ्यावर ठेवला. गार. कोपऱ्यातल्या पोत्यावर ठेवला, आणि तिचा हात तिथेच थिजला.

ऊब.

उन्हाची नव्हे, तिथे ऊन कधी पोचतच नव्हतं. ही आतून येणारी ऊब होती. तापल्या कपाळाची ऊब. लेकराच्या आजारात रात्ररात्र हाताखाली ओळखलेली. तिने तळवा दाबला. खाली आणखी गरम. आणखी दाबला. त्याहून खाली काहीतरी होतं, जे झोपलं नव्हतं.

ती ओरडली नाही. आधी आत गेली, पाळण्यातून शर्वीला उचललं, दुपट्यासकट आत्यांच्या मांडीवर ठेवलं. तांदूळ जमिनीवर सांडले.

"आत्या, हिला घेऊन रस्त्यावर जा. आत्ता."

आत्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या उठल्या आणि अनवाणी चालू लागल्या.

मग तिने शेडकडे हाक मारली. हर्षद आला तो हसतच, रंधा हातात घेऊन. "काय गं आता?" तिने नुसतं बोट दाखवलं. त्याने पोत्याला हात लावला, आणि हसू चेहऱ्यावरून असं पडलं, जसा रंध्याखालून छिलका पडतो. दोघांनी पोत्याचे कान धरले. ओढलं. पडवीतून, पायरीवरून, तापल्या अंगणात. ओढता ओढता शिवण उसवली.

आत काळं होतं. भुशाच्या पोटात, जिथे काल सोनं होतं, तिथे कोळसा होता, धुमसता, कोंदलेला, वाट पाहत असलेला. वारा त्याला शिवला मात्र, त्या काळ्यातून एक लाल डोळा उघडला. मग दुसरा. मग पोतंच उभं पेटलं.

पिंपातलं पाणी बादली बादली गेलं. फुत्कार झाला, वाफ उठली, काळा चिखल अंगणभर पसरला. मग काहीच ऐकू येईना. आपलीच छाती तेवढी.

"पण काडी कुणी लावलीच नाही," हर्षद म्हणाला. "कुणीच नाही लावली गं."

फाटकाशी आत्या आल्या, नात छातीशी घट्ट. "कालचं तेल टिपलेला भुसा का हा?"

"हो. मीच भरला. मीच बांधला."

टोमणा आला नाही. आत्या हळूच म्हणाल्या, "आम्ही तो उकिरड्यावर पसरून टाकायचो. का ते कुणी सांगितलं नव्हतं. बांधून मात्र कधी ठेवला नाही."

विष नको म्हणून तेल. पडू नये म्हणून पुसणं. उडू नये म्हणून गाठ, आणि वाळत्या तेलाची ऊब त्या गाठीत कोंडलेली. कुठेही निष्काळजीपणा नव्हता. काळजीवर काळजी, काळजीवर काळजी, दाबून, आवळून, अंधारात ठेवलेली. आणि तिने आपोआप पेट घेतला होता, झोपल्या लेकरापासून हातभर अंतरावर.

त्या संध्याकाळी त्यांनी उरलेली सगळी पोती सोडली. रेवतीने स्वतःच्या हाताने सुतळ्या कापल्या. ज्या कणाला ती भीत होती, तोच तिने ओंजळीने उधळला, अंगणभर, पातळ, मोकळा, जिथे त्याला श्वास घेता येईल आणि आग धरता येणार नाही. दूर, रस्त्याच्या कडेला, आत्या नातीला पदराखाली घेऊन उभ्या होत्या.

अंधारताना ती त्यांच्यापाशी गेली. शर्वीला घेतलं, खांद्यावर टाकलं, तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

ऊब होती. झोपेची, दुधाची, जिवंत रक्ताची ऊब. एवढीच, याहून अधिक नाही. तरी तळव्याचा विश्वास बसेना. तो तिथेच राहिला, ऐकत, चाचपत, थांबत. आणि मागे अंगणात वारा उठला, सोनेरी भुसा जमिनीवरून अलगद सुटला, आणि कुणीही न बोलावता, हळूहळू, हळूहळू, त्या तिघींकडे येऊ लागला.