हेमलताबाईंचे स्टूल

मार्गशीर्षातली दुपार. कृष्णेवरून आलेले मृदू, मधुपिवळे ऊन गच्चीत उतरत होते. पाण्याच्या टाकीवर, वाळत्या चादरींवर, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडवर सारख्याच ममतेने पसरत होते. अशा उन्हात माणसाला वाटते, चराचरात जे जे फिरते ते ते एक दिवस थांबणार आहे. ऋतुचक्र थांबेल, ग्रहमाला थांबेल, काळाचे महाचक्रही थांबेल.

भालचंद्र मुतालिकांचा स्पिंडल मात्र हेमलताबाईंनी बटण बंद केल्याखेरीज थांबत नसे.

स्पिंडल म्हणजे लाकूड कोरणारे ते गरगरते, गर्जणारे, भुसाभूषित टोक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मुतालिकांनी कराडच्या घराच्या गच्चीवर हौसेने सीएनसी राउटर उभा केला होता: संगणक सांगेल तसे सागवानात अक्षर कोरणारे यंत्र. बघता बघता कॉलनीत नामफलकावाचून एकही दार उरले नाही. मग पाण्याच्या टाक्यांनाही आडनावे मिळाली.

यंत्राला अक्षर येत होते. स्पिंडल चालू-बंद करणे येत नव्हते. त्यासाठी भिंतीजवळ एक स्टूल होते, स्टुलाशेजारी बटण होते आणि स्टुलावर मुतालिकांच्या पत्नी हेमलताबाई होत्या.

"लाव," मुतालिक म्हणत.

"लावलं."

मग गर्जना, मग सुवर्णधूसर भुसा, मग सागाचा कडवटगोड दरवळ. आणि त्या दरवळात मेथी निवडत बसलेली, केसांवर सागवानी परागकण ल्यालेली एक स्त्री. अक्षर पुरे झाले की "कर बंद." त्यावर "केलं." बाकी दिवसभर दोघांत जे बोलणे होई, ते दूध आणि गॅस यांच्यापुरते.

पण हेमलताबाईंचे गुडघे. जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबत आणि, कुणी पाहत असेल म्हणून, पदराने कठड्यावरची धूळ पुसत. कठडा फारच स्वच्छ राहू लागला. मुतालिकांनी ते पाहिले आणि यंत्राचे टोक सरकवणाऱ्या नव्या विजेच्या मोटारी मागवल्या.

त्या आल्या: कृष्णवर्णी, मौनव्रती, स्थितप्रज्ञ. जुन्या मोटारी वाट चुकल्या तरी निश्चिंतपणे पुढे जात. नव्यांना चुकलेले पाऊल स्वतःचे स्वतःला कळे आणि त्या ते सुधारून घेत. हा गुण मुतालिक घराण्यात आजवर कुणात आढळला नव्हता. सोबत स्पिंडलचे नियंत्रणही आले. आता यंत्रच स्पिंडल चालू करणार, यंत्रच वेग ठरवणार, यंत्रच थांबवणार.

"आता तुला जिना नको," मुतालिक म्हणाले.

"बरं झालं," हेमलताबाई म्हणाल्या, आणि मेथी खालीच निवडू लागल्या.

पहिली फळी निर्दोष उतरली. ऊन तेच होते, भुसाही तोच होता; सोनेरी, सूक्ष्म, संथ. तरंगत तरंगत तो स्टुलावर उतरला, आणि रिकाम्या स्टुलावर एक पातळ पिवळी साय धरली. स्पिंडल मंदावला, अजून मंदावला, निमाला.

"कर बंद," मुतालिक म्हणाले.

यंत्र बंदच होते. "केलं" असे कुणी म्हणाले नाही.

दिवस गेले. फळ्या निर्दोष उतरत राहिल्या. स्टुलावरची साय दाट होत गेली. मग एका दुपारी मुतालिकांनी स्टुलाजवळच्या भिंतीवर जास्वंदीसारखे एक लालभडक बटण बसवले, आणि ते निम्मा जिना उतरून मधल्या वळणावर उभे राहिले. कठड्यावर धूळ होती.

"अगं, वर येतेस का?"

"कशाला? आपोआप आहे ना ते?"

"आहे. पण लाल बटणापाशी माणूस लागतो. काही चुकलं तर थांबवायला."

"तुमचं चुकलं तर मी इथूनही थांबवते."

"यंत्राचं म्हणतोय मी."

खालून मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज आला.

"आणि गुडघ्यांचं काय?"

"मी येतो खाली. धरून चढू."

चढले. वळणावर दोघेही थांबले. या वेळी धूळ कुणी पुसली नाही.

आता रोज दुपारी मुतालिक आधी स्टूल पुसतात, मग यंत्र.

"लावू?"

"लावा."

मग मौनव्रती मोटारी सरकतात, स्पिंडल गर्जतो, आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यातून सोने झरू लागते. मेथीवर झरते, ओंजळीवर झरते, पिकल्या केसांवर झरत झरत स्थिरावते.

"झालं."

"दिसलं."

थांबवायचे खरे बटण यंत्रावरच, मुतालिकांच्या हाताशी आहे. लाल बटणाची तार स्टुलामागून खाली जाते आणि यंत्राच्या टेबलाखाली संपते. ती कशालाच जोडलेली नाही, हे हेमलताबाईंनी केर काढताना पहिल्याच दिवशी पाहिले.