सरकती तेरवी

लोकेंद्रनं सेव्हचं बटण दाबलं आणि इंदरलाल पुन्हा आजच मेला.

"पाह्य काकी, नाव दुरुस्त झालं, पण तारीख सरकली. काकाले किती डाव मारू मी?"

गोमतीनं टेबलावरचा हात मागे घेतला. बांगड्या वाजल्या.

"मशीन हाय बाबू. तिचा काय दोष?"

तिचा नवरा इंदरलाल दोन वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगावहून कामासाठी गाडीत बसला, तो परतलाच नाही. पण ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरला हरवलेला माणूस ठाऊक नव्हता. एक तर हयात, नाही तर मयत. हयात लिहायला खुद्द माणसाचा अंगठा लागे. म्हणून तिथला ऑपरेटर असलेल्या लोकेंद्रनं मयत लिहिलं आणि तारीख रिकामी सोडली. मशीनला रिकामं चालेना. तिनं आपल्या मनानं त्या दिवसाची, होळीची, तारीख भरली. पुढे कुणी एक काना सुधारला, तरी ती पुन्हा सुधारल्या दिवसाची तारीख भरायची.

धाकटा दीर बकाराम छापील अक्षराला मानणारा. त्या तारखेपासून तेरावा दिवस मोजून त्यानं तेरवी ठरवली. गोमतीच्या बांगड्या त्याच दिवशी उतरायच्या होत्या. बुंदी पाडून झाली आणि आदल्या दिवशी तारीख सरकली. बुंदी पोरांनी खाल्ली. तिसऱ्यांदा न्हाव्यानंच विचारलं, "भाऊ, या डाव नक्की मरून राहिला ना?"

दर तेरवीच्या आदल्या दिवशी गोमतीला एखादी चूक सापडे. कधी वय, कधी सासऱ्याचं नाव. आज 'इंद्रलाल'चं 'इंदरलाल'.

फोन वाजला. गोंदियाचा इंजिनीअर गजेंद्र होता.

"अरे भाऊ, डिफॉल्ट में ही आज की डेट पड़ी थी. हटा दिया. सबसे पहली वाली डाल दी."

लोकेंद्र खुर्चीतून उठलाच.

"काकी, रोग सापडला! आता पयलीच तारीख राहीन, होळीची. ब्रह्मदेव आला तरी हलत नाई!"

"मंग तेरवी?"

"ते तं कवाच उलटली. बकारामकाका म्हणत होते, पक्की झाली का आजच उरकू."

गोमतीनं स्क्रीनवरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"कायले काढलं बाबू?"

"चुकीचं होतं ना."

"मशीन आज मेला म्हणत होती. म्हणजे कालपर्यंत होता ना कुठंतरी."

बाहेर बकारामनं मोटरसायकलचा हॉर्न वाजवला.

"आडनावात काना राहिला वाटते," ती म्हणाली. "येक डाव दाबून पाह्य."

काना जागेवर होता. लोकेंद्रनं तो खोडला, पुन्हा घातला, सेव्ह दाबलं. होळीची तारीख हलली नाही.

"आखीन येक डाव."

त्यानं दाबलं.

हॉर्न पुन्हा वाजला. गोमतीनं बांगड्या मनगटावरून वर सारल्या, वाजणार नाहीत इतक्या घट्ट, आणि त्यावरून पदर ओढून घेतला.