कुरकुर विहिरीत

इस्पितळाच्या तळघरात संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ‘सर्व्हरवाले’ म्हणत. सर्व्हरवाल्यांना जगात एकाच व्यक्तीची धास्ती होती, ती म्हणजे सासूबाई. त्या आत्ता दुसऱ्या मजल्यावर फुटलेलं अपेंडिक्स घेऊन आडव्या होत्या आणि लेकीच्या लग्नानंतर प्रथमच गप्प होत्या.

फोनवर बायको होती. “अहो, मागच्या ऑपरेशनला इथंच भुलीच्या औषधानं आईचा श्वास अडकला होता. कोणतं औषध ते कुणालाच आठवत नाही. जुन्या नोंदी तुमच्याकडेच ना?”

“माझ्याकडेच.”

“मग बघा की! डॉक्टर थांबायला तयार नाहीत.”

फोन भूलतज्ज्ञ बाईंच्या हाती गेला. “दोन औषधं आहेत. नोंद नसेल तर मी नेहमीचं देते. पेशंट टेबलावर आहे.”

जुन्या नोंदी म्हणजे लाखो फायली. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ‘नंतर बघू’ या तत्त्वावर त्या एका डिस्कवर ओतल्या होत्या. फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. एकेक उघडून बघायची तर जावयाचीही हयात पुरली नसती.

पण या कामात सर्व्हरवाले वाघ. काळ्या पडद्यावर त्यांनी ग्रेपला, म्हणजे फायलींमधला मजकूर शोधणाऱ्या हुकमाला, सासूबाईंचं पूर्ण नाव दिलं, ते ज्या फायलीत सापडेल तिचा आकडा सांग म्हणाले. पडदा ढिम्म. ग्रेप एक्स-रेची चित्रंसुद्धा इमानेइतबारे चाळत बसला होता! त्यांनी त्याला तिथंच थांबवलं. मग फायली हुडकणाऱ्या त्याच्या भावाला, फाइंडला, फक्त मजकुराच्या फायली वेचायला लावलं आणि त्या गठ्ठ्यागठ्ठ्यानं आठ ग्रेपना एकदम वाटल्या. हुकमाच्या शेवटी सवयीनं नेहमीचं शेपूट जोडलं: संगणकानं मध्येच काही अडचण सांगत कुरकुर केली तर ती पडद्यावर नको, परस्पर विहिरीत, म्हणजे कुणी वाचायच्या आत नाहीशी. पडदा स्वच्छ राहिला की इस्पितळाचे साहेब खूश राहत.

तीन आकडे आले. डोळ्यांची तपासणी, गुडघेदुखी आणि इस्पितळाच्या जेवणाबद्दल लेखी तक्रार.

“ऑपरेशनची नोंद नाही,” ते फोनवर म्हणाले.

“मग काही झालं नसणार. मी सुरू करते,” बाई म्हणाल्या.

मागून बायको ओरडली, “झालं होतं हो! मी डोळ्यांनी पाहिलंय! तुम्हाला मेली कुणाची तक्रार ऐकूच येत नाही!”

फोन बंद झाला.

सर्व्हरवाल्यांची नजर हुकमाच्या शेपटावर गेली. त्यांनी शेपूट खोडून हुकूम पुन्हा सोडला. या वेळी पडद्यावर ओळीमागून ओळ उमटली: ‘गंभीर घटना’ या फोल्डरला परवानगी नाही. ज्या ज्या पेशंटचं काही बिघडलं, त्यांच्याच नोंदी तेवढ्या कुलपात! बदनामी नको म्हणून साहेबांनी सांगितलं होतं आणि कुलूप यांनीच, स्वतःच्या हातानं घातलं होतं.

मुख्य खात्याचा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा फोल्डर उघडलं, ग्रेपनं एकच आकडा दिला. आत औषधाचं नाव होतं. नेहमीचंच.

बायकोचा फोन लागेना, ऑपरेशन थिएटरचा कुणी उचलेना. सर्व्हरवाले जिन्यानं धावले. बसून बसून वाढलेलं पोट सगळ्यात आधी पोचलं.

“चपला बाहेर!” दारातल्या नर्सबाई कडाडल्या.

“नेहमीचं औषध देऊ नका!” ते त्याहून मोठ्यानं ओरडले आणि चपलांसकट आत घुसले.

भूलतज्ज्ञ बाईंच्या हातात सिरिंज होती, भरलेली. त्यांनी सर्व्हरवाल्यांकडून नोंदीतल्या औषधाचं नाव ऐकलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि दुसरी मागितली. मग म्हणाल्या, “आता चपला काढा.”

संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले. उशी दगडासारखी आहे, पंखा करकरतोय, आणि जावई आजारी माणसाला भेटायला हात हलवत आलेत, असं त्यांनी क्षीण पण स्पष्ट आवाजात नोंदवलं. बायकोनं सवयीनं नवऱ्याला दाराकडे खुणावलं.

सर्व्हरवाल्यांनी स्टूल ओढलं. “पंख्याचं काय म्हणालात, आई?”

सासूबाईंनी संशयानं त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली.